वन्संची माशी

भल्या माणसाचा दुष्ट माणूस नेमका कधी होतो, हे छातीठोकपणे सांगू शकणारी जगात एकच व्यक्ती आहे आणि ती मुलुंड पूर्वेला, चौथ्या मजल्यावर, आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये राहते. ती माझी थोरली नणंद. लग्न होऊन मी आले तेव्हा सासूबाईंनी बजावलं, "हिला वन्सं म्हणायचं." मी म्हणू लागले आणि माझं ऐकून ऐकून अख्खी इमारत म्हणू लागली. दूधवाला वन्सं म्हणतो, वॉचमन वन्संजी म्हणतो, आणि माझा नवरा, म्हणजे त्यांचा पाठचा सख्खा भाऊ, तोसुद्धा चारचौघांत त्यांना वन्संच म्हणतो. नणंद माझी एकटीची, पण तिचा जाच सगळ्यांनी वाटून घेतला, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणते. त्या हसतात. त्यांच्या हसण्याला फार मोठा अर्थ आहे, तो पुढं येईलच.

वन्संनी टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि बाकी उरलेला सगळा वेळ कादंबऱ्या वाचल्या. वाचल्या म्हणजे अशा की गॅसवर भाजी ठेवून वाचायला बसायचं आणि करपलेला वास माझ्या स्वयंपाकघरात आला की मी भिंतीवर लाटणं आपटायचं. मग पलीकडून आवाज येणार, "घालवलीन." मी विचारायचं, "भाजी ना?" "भाजी कसली, त्या बाईनं सगळी माणुसकी घालवलीन. किती गुणाची होती गं पहिल्या शंभर पानांत." वांग्याचा कोळसा झालेला असायचा त्याचं सोयरसुतक नाही. नायिकेचा कोळसा झाला म्हणून मात्र त्या दिवशी उपास.

त्यांना सुरुवातीपासूनच दुष्ट असलेल्या माणसांत काडीचा रस नाही. पहिल्या पानावर मिशा पिळत आलेला सावकार त्यांच्या लेखी शुद्ध वेळ घालवणं. त्यांना लागतो तो चांगला माणूस. गरिबीतून वर आलेला, आईवर जीव टाकणारा, वाचणाऱ्यानं ज्याच्या बाजूनं देव पाण्यात ठेवावेत असा. आणि मग तो पानापानानं कसा नासत जातो, हे त्या दूध उतू जाण्याची वाट बघावी तशा टक लावून बघतात. नासला की पेन्सिल काढतात आणि समासात एक बारीकशी माशी काढतात. दोन पंख, सहा पाय. इथं माशी शिंकली. पुस्तक स्टेशनाजवळच्या वाचनालयाचं असलं तरी माशी निघतेच. तिथल्या बाईंनी आधी रागावून पाहिलं, मग रबर हातात देऊन पाहिलं, शेवटी हात टेकले. कारण बाकीचे सभासद काउंटरवर येऊन सांगायला लागले, "ते माशीवालं द्या हो, बिनमाशीचं नको." माशी कुठल्या पानावर आहे हे आधी शोधून मग पुस्तक न्यायचं की नाही ते ठरवणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत.

एकदा मी त्यांना पकडलं. म्हटलं, "वन्सं, तुमची माशी चुकली. याच्या हातून खून होतो तो पार शेवटाला, आणि तुम्ही माशी काढलीय मध्यावर. तिथं तर हा बिचारा जेवायला बसलाय."

"खून झाल्यावर कुणीही सांगेल गं. त्याला माझी कशाला गरज?" त्या म्हणाल्या. "जेवणाचं पान नीट वाच. बायको वाढतेय. आमटी खारट झालीय. हा काही बोलत नाही, ती काही बोलत नाही. आधीच्या जेवणात काय झालं होतं आठवतंय? हा म्हणाला होता मीठ कमी आहे, आणि ती म्हणाली होती, तुमच्या बोलण्यात आहे तेवढं पुरे. हसले होते दोघं. आता ती चिडवत नाही त्याला. घाबरते. ज्या दिवशी घरची माणसं थट्टा करायची थांबली, त्या दिवशी माणूस गेला म्हणून समज. पुढचा खून म्हणजे नुसता कागदोपत्री."

हे एवढंच त्यांचं शास्त्र. पण शास्त्र म्हटलं की ते घराबाहेर लावून बघण्याचा मोह कुणाला सुटलाय? पुतण्या-भाच्यांची स्थळं बघायला वन्संना न्यायची आमच्याकडे पद्धतच पडली. मुलगा काय करतो, पगार किती, जागा स्वतःची की भाड्याची, यातलं एक अक्षर त्या विचारत नसत. कांदेपोह्यांची बशी मांडीवर घेऊन कान टवकारून बसायच्या. धाकटी बहीण मुलाला "दादा, आज अंघोळ केलीस वाटतं" म्हणाली की त्या जागच्या जागी पसंती देऊन मोकळ्या. उलट घाटकोपरच्या एका घरी मुलगा देखणा, नोकरी उत्तम, सगळं झकास, पण तो खोलीत आला आणि सगळ्यांची बोलणी बंद झाली. आईनं पंख्याचं बटण त्याला विचारून दाबलं. वन्संनी बशी खाली ठेवली आणि जिन्यात मला म्हणाल्या, "या घरात माशी केव्हाच बसलीय. आपली पोरगी नको." नाही दिली आम्ही. अख्ख्या नातेवाइकांत बोंब झाली, पण नाही दिली.

वन्संची रोजच्या रोज थट्टा करण्याचं काम आमच्या इमारतीत मी आणि सावंतकाका असं दोघांत वाटलेलं होतं. सावंतकाका दुसऱ्या मजल्यावरचे, मूळचे कुडाळकडचे. गिरणी बंद पडल्यावर पडेल ते काम करून चार पोरं मार्गाला लावलेला माणूस. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि काकांना गुडघे नाहीत, म्हणजे असून नसल्यासारखे. त्यामुळे फाटकाशेजारच्या लाकडी बाकड्यावर टेकल्याशिवाय त्यांना जिना चढणं जमत नसे. बाजारातून यायचं, बाकड्यावर बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याची खोडी काढायची आणि दम आला की वर जायचं. वन्सं वाचनालयातून आल्या की ते हमखास विचारायचे, "वन्संनू, आज कोणाक मारल्यात?"

आणि वन्सं पिशवी हलवत म्हणायच्या, "एक डॉक्टर होता काका. गेला." कधी मास्तर जायचा, कधी क्रांतिकारक. एकदा अख्खं घराणं गेलं, तेव्हा काकांनी टोपी काढली होती.

मग ती डंपरची गोष्ट घडली, आणि तिथून खरं म्हणजे मला पेन्सिल हातात घ्यायला हवी होती. शेजारी टॉवर उभा राहत होता. त्या कंत्राटदारानं आमच्या फाटकासमोर विटा, वाळू आणि वर एक पत्र्याची केबिन आणून टाकली. रिक्षा आत येईना, अँब्युलन्स तर लांबच राहिली. पुरुषमंडळी जाऊन भेटून आली, चहा पिऊन परत आली. वन्सं कुणाला भेटल्या नाहीत. एके सकाळी वाळूचा डंपर आला, त्याच्यासमोर त्यांनी आपली प्लास्टिकची खुर्ची मांडली आणि पुस्तक उघडलं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. वन्संनी पान उलटलं. दुपारी कंत्राटदार स्वतः आला, हात जोडून म्हणाला, "मॅडम, कधी उठणार?" त्या म्हणाल्या, "पुस्तक संपलं की." त्यानं वाकून पाहिलं. ते पुस्तक मी पाहिलेलं होतं, उशाला घेतलं तर मान अवघडेल एवढं जाड. मी खाली डबा घेऊन गेले, इमारतीतल्या कदमवहिनींनी छत्री धरली, सावंतकाका बाकड्यावरून कंत्राटदाराला सांगत होते, "ह्यो पयलो भाग आसा. दुसरो घराक आसा." दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत केबिन हलली, विटा हलल्या, फाटक मोकळं झालं. लोकांनी वन्संना अक्षरशः ओवाळलं, आणि पुढच्या मीटिंगला हात वर करून सोसायटीचं सेक्रेटरी केलं.

सुरुवातीला आनंदीआनंद होता. टाकी धुतली गेली, जिन्यात दिवे लागले, पंपाची कुरकुर थांबली. वन्सं सांगतील ते बरोबरच असायचं, आणि तिथंच पाणी मुरत होतं. मग चपलांबद्दल सूचना लागली. मग मिक्सर किती वाजल्यापासून लावायचा त्याबद्दल. मग गच्चीवर पापड घालायचे असतील तर आधी कळवायचं. प्रत्येक सूचनेखाली "आपल्याच भल्यासाठी" असं लिहिलेलं. आणि खरंच भल्यासाठीच होतं हो सगळं, म्हणून तर कुणाला बोलता येईना. लोक जिन्यात त्यांना बघून भिंतीला लागून उभे राहायला लागले. कदमवहिनी फोडणी द्यायच्या आधी खिडकी लावायला लागल्या. मीही भिंतीवर लाटणं आपटायची ती आपटेनाशी झाले. भाजी करपली तर करपली, सेक्रेटरींना कोण सांगणार.

होळीच्या थोडं आधी त्यांनी बाकडं काढलं. बाहेरची माणसं येऊन बसतात, गोंगाट होतो, लाकडाला वाळवी लागलीय, असं सूचनेत होतं. वाळवी औषधापुरतीसुद्धा नव्हती. वॉचमननं बाकडं उचलून पंपाच्या खोलीत टाकलं. सावंतकाकांनी कुणाकडे तक्रार केली नाही. ते फक्त खाली यायचे बंद झाले. बाजार सुनेनं करायचा, आणि काका दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत खुर्ची टाकून फाटकाकडे बघत बसायचे. वन्सं वाचनालयातून येत, पिशवी घेऊन सरळ वर जात. कोणाला मारलं ते कुणी विचारत नसे.

आता आमच्या होळीची रीत सांगते. इतर ठिकाणी होळी पेटल्यावर बोंबा मारतात, आमच्याकडे रचताना सुरू होतात. तळमजल्यापासून वर, एकेका घराच्या नावानं, आणि प्रत्येकाचं वर्षभराचं पाप जाहीर करून. मारतात कदमवहिनींचे यजमान. गडी एरवी बँकेत खाली मान घालून बसतो, पण होळीला त्याचा आवाज पार हायवेपर्यंत जातो. ज्याच्या नावाची बोंब त्यानं रागवायचं नाही, उलट नारळ द्यायचा. वन्संची बोंब दर साली ठरलेली, "पुस्तक वाचून भाजी जाळणाऱ्या वन्संच्या नावानं" आणि पुढं सगळ्यांचे हात तोंडावर. त्या चौथ्या मजल्यावरून खास त्यासाठी इस्त्रीची साडी नेसून यायच्या.

त्या वर्षीही आल्या. हातात पुरणपोळीचं ताट, वर नारळ. अंगणात मधोमध एरंडाची फांदी, भोवती गोवऱ्या, मोडकी खोकी, आणि सगळ्यांत खाली, पाय वर करून, ते बाकडं. होळीला द्यायला वन्संनीच सांगितलं होतं. बोंबा सुरू झाल्या. तळमजल्याची झाली, पहिल्याची झाली. सावंतकाकांची झाली, "सुनेच्या चपलेत पाय घालून फिरणाऱ्या" अशी, ती त्यांनी गॅलरीतून हात वर करून घेतली. चौथा मजला आला. "बायकोला भिऊन भांडी घासणाऱ्या" म्हणून माझ्या नवऱ्याची झाली, माझीही झाली, ती इथं सांगण्यासारखी नाही. आणि मग कदम म्हणाले, "चला, काडेपेटी आणा."

"मी राहिले," वन्सं म्हणाल्या.

सगळे गोवऱ्यांकडे बघायला लागले. कदमांनी खाकरून घेतलं. "असू द्या ना वन्सं. तुमच्या नावानं कशी मारणार?"

"गेल्या वर्षापर्यंत मारत होतात ना?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी. आता तुम्ही सेक्रेटरी. बरं नाही दिसत ते."

वन्सं एकेकाच्या तोंडाकडे बघत गेल्या आणि जो तो नजर चुकवत गेला. त्यांनी ताटातला नारळ पदराखाली झाकून घेतला तेव्हा मला कळलं की यांना कळलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोष्टीत जे पान त्या बोट ठेवून दाखवत आल्या, त्याच पानावर त्या उभ्या होत्या. त्या माझ्याकडे वळल्या आणि अगदी हळू विचारलं, "माशी कुठं बसली गं?"

खोटं बोलता आलं असतं. पण या बाईनं एका खोट्या घरातून आमची पोरगी वाचवली होती. मी म्हटलं, "बाकड्यावर, वन्सं."

त्यांनी ताट माझ्या हातात दिलं. पदर खोचला. आणि साठीपुढची ती बाई सरळ होळीत हात घालून बाकड्याचा पाय ओढायला लागली. "अहो वन्सं, मुहूर्त," कुणी म्हणालं, "अहो, सगळं पडेल," कुणी म्हणालं, आणि सगळं पडलंच. खोकी गडगडली, गोवऱ्या फुटल्या, एरंडाची फांदी कदमांच्या खांद्यावर आडवी झाली. त्या धुळीतून वन्सं बाकडं ओढत बाहेर आल्या. इस्त्रीच्या साडीची वाट लागली होती, केसांत गवत, कपाळाला शेण. पेटायच्या आधीच होळी मोडलेली आमच्या सोसायटीनं कधी पाहिली नव्हती.

वरून गॅलरीतून आवाज आला. "वन्संनू, आज कोणाक मारल्यात?"

वन्संनी मान वर केली. मग कमरेवर हात ठेवून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "एक सेक्रेटरी होती काका. गेली."

सावंतकाकांनी तिथूनच तोंडावर हात नेला. "हुकूम सोडून सोडून होळी मोडणाऱ्या वन्संच्या नावानं," एवढंच ऐकू आलं, पुढचं सगळं बोंबेत बुडालं. कदम ओरडत होते, वहिनी ओरडत होत्या, माझा नवरा सख्ख्या बहिणीच्या नावानं गळा काढून ओरडत होता, वॉचमन "वन्संजी, वन्संजी" करत होता. मी हातातलं ताट बाकड्यावर ठेवलं आणि पोटभर बोंब मारून घेतली. इतक्या महिन्यांची साचलेली होती. वन्सं मधोमध उभ्या, शेणानं माखलेल्या, आणि एखाद्या बाईला शाल-श्रीफळ मिळावं तसा त्यांचा चेहरा उजळलेला. काका म्हणाले, "बाकडो थयच ठेवा, मी येतंय," आणि एकेक पायरी उतरत खाली आले, बसले, तेव्हाच होळी पुन्हा रचायला घेतली. मुहूर्त टळून गेला होता. पुरणपोळ्या मात्र कधी नव्हे इतक्या गोड लागल्या.

वन्संनी पद सोडलं नाही. त्या म्हणाल्या, पळून जाणं म्हणजे शेवटचं प्रकरण फाडून टाकण्यासारखं आहे. सूचना तेवढ्या काढल्या, आणि त्यांच्या जागी एकच लावली, "सेक्रेटरीची थट्टा रोज करणे सर्वांना बंधनकारक आहे." झालं, सगळे परत गप्प. काकांनी बाकड्यावरून सांगितलं, "हुकमान हसाक येणा नाय, वन्संनू." ती सूचना त्यांनी तिथल्या तिथं स्वतः फाडली. पुढं दोनदा निवडून आल्या, आणि दोन्ही वेळा मीटिंगमध्ये भाजीवरून इतकी टिंगल झाली की चहा गार झाला.

सावंतकाका आता नाहीत. बाकडं आहे, त्याला दर दिवाळीला रंग देतो आम्ही. वन्संना हल्ली ऐकू कमी येतं. होळीला बाकड्यावर बसतात, बोंब झाली की मला विचारतात, "झाली का गं माझी?" मी मान हलवली तरी म्हणतात, "मला नाही ऐकू आली. पुन्हा मारायला सांग." मग सगळी इमारत पुन्हा मारते. त्यांना तीही ऐकू येत नाही, पण सगळ्यांचे हात तोंडावर गेलेले दिसतात आणि तेवढ्यावर त्या खूश होतात.

परवा संध्याकाळी भाजी घेऊन आले तर त्या बाकड्यावर पुस्तक घेऊन बसलेल्या. काकांसारखं मालवणी मला जमत नाही, तरी कानाशी वाकून विचारलं, "वन्संनू, आज कोणाक मारल्यात?"

"कुणालाच नाही," त्या म्हणाल्या. पेन्सिल मांडीवर तशीच पडली होती. "हा पोरगा फार गोड आहे गं. अजून सगळे त्याला चिडवतायत. म्हणून दोन दिवस याच पानावर बसलेय, पुढचं उलटत नाही."

मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसले.